गच्चीवर येण्याआधीची हाक

पत्र, थोडक्यात: लिहिणारा सत्तावीस वर्षांचा, जन्मापासून बडोद्यातल्या दांडिया बाजारात राहणारा. नोकरी अलकापुरीत, आवड ड्रोन उडवण्याची. भागातले जुने वाडे एकामागून एक पडताहेत, म्हणून ते पडण्याआधी वरून टिपून ठेवायचे असं त्याने ठरवलं. जानेवारीतल्या एका सकाळी, कोवळ्या उन्हात केलेलं चित्रण त्याने इंटरनेटवर टाकलं आणि ते खूप पाहिलं गेलं. त्यात सहा सेकंद समोरच्या घराची गच्ची होती आणि गच्चीवर उन्हाला बसलेल्या काकू. डोक्याला काही बांधलेलं नव्हतं, केस गेलेले. काकूंची केमो चालू आहे हे त्या घराने कुणालाही सांगितलं नव्हतं. दोन दिवसांत नातेवाइकांचे फोन सुरू झाले. काका येऊन दारातूनच बोलून गेले आणि त्यानंतर बोलायचे थांबले. मुलाने व्हिडिओ उतरवला, ती सहा सेकंदं कापली आणि परत चढवला. तो विचारतो: ‘ताई, मला आजाराचं माहीत नव्हतं. गच्ची उघडीच असते, आकाश कुणाच्या मालकीचं नाही, माझा ड्रोन 249 ग्रॅमचा म्हणजे कायद्यातही बसतो. मग माझं चुकलं काय? माफी मागायला गेलो तर जखम परत उघडेल का? आणि आता मंडळवाले विसर्जनाची मिरवणूक टिपायला सांगताहेत, ते करू का, की ड्रोन विकून टाकू?’

तू मला ताई म्हटलंस, म्हणून अरे-तुरे करते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला, हे लपवत नाही. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की काकूंचं तोंड तू ‘कठड्याला टेकून, डोळे मिटून’ असं लिहिलं आहेस. म्हणजे ती सहा सेकंदं तू नंतर पुष्कळदा पाहिली आहेस. ज्याला काही वाटत नाही तो इतकं पाहत नाही. तेव्हा तुझ्या मनात काय आहे याबद्दल मला शंका नाही. ‘माझं चुकलं काय’ म्हणताना तू ज्या चार गोष्टींचा आधार घेतोस, त्या मात्र जरा तपासून पाहू.

‘गच्ची उघडीच असते.’ असते. पण उघडी कुणाला? तुमच्या गल्लीत समोरासमोरच्या गच्च्यांवरून एकमेकांचं बरंच काही दिसतं. कोण वाळवण घालतं, कोण फोनवर तासतास बोलतं, कुणाच्या मुलाचा अभ्यास वर चालतो. आणि तरी त्या सगळ्यातून एक वागणूक ठरलेली असते. समोरची बाई केस मोकळे सोडून बसली असेल तर आपण मान वळवतो. आणि आपण पाहतो तेव्हा आपणही दिसत असतो. काकूंना तू तुझ्या गच्चीतून दिसला असतास, तर त्यांनी पदर सावरला असता, रुमाल बांधला असता, नाहीतर तुला हाक मारून आईची चौकशी केली असती. काय करायचं ते त्यांच्या हातात राहिलं असतं. तुझा ड्रोन वर आला तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. त्यांना उघडं वाटत होतं ते आकाश आणि ऊन. शेजाऱ्यांच्या चार ओळखीच्या नजरांचा हिशेब त्यांनी मनाशी केला असेल, त्या वेळी कोण ऑफिसला गेलेलं असतं, कोण पूजेत असतं, आणि मग महिन्याभरात पहिल्यांदा त्या रुमाल काढून बसल्या असतील. हे मी कल्पनेने लिहिते आहे, पण केमो घेणाऱ्या बाईला ऊन डोक्यावर घ्यावंसं वाटतं हे मी घरात पाहिलं आहे.

मी लहान असताना आमच्या वाड्याची कौलं चाळायला दर वर्षी पावसाळ्याआधी एक माणूस यायचा. शिडी लावायच्या आधी चौकात उभा राहून मोठ्याने हाक द्यायचा, ‘वर चढतोय हो!’ मग थोडा थांबायचा. तेवढ्यात न्हाणीघराशी असलेली बाई आत जायची, कुणी दोरीवरचे कपडे काढायचं, आजी माजघराचं दार ओढून घ्यायची. मगच तो चढायचा. त्याला आमच्या घरात बघण्याची काडीचीही इच्छा नव्हती. पण वर गेल्यावर आपल्याला दिसणार आहे हे त्याला माहीत होतं, आणि ज्यांचं दिसणार त्यांना ते आधी कळलं पाहिजे, हेही. उत्तरायणात कटलेला पतंग शेजारच्या गच्चीवर पडला तरी पोरं खालून ओरडून विचारतात ना, तेच हे. तुझ्या हातून काय राहिलं असं मला विचारशील तर ही हाक राहिली.

आता ‘आकाश कुणाच्या मालकीचं नाही’. मालकीचा प्रश्न मी बाजूला ठेवते, कारण काकांचं भांडण आकाशाशी नाहीच. पण तुला एक जुनी गोष्ट सांगते, ती आपल्या भागाची आहे. गुजरातेत पूर्वापार अशी चाल होती की शेजाऱ्याच्या घरातला जो भाग सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही, त्यावर नजर जाईल अशी नवी खिडकी आपल्या भिंतीला पाडायची नाही. मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकातच ही चाल मान्य केली. बडोदं तेव्हा गायकवाडांचं संस्थान, त्यामुळे तिथला निकाल इथे चालत नव्हता, पण चाली संस्थानाच्या वेशीपाशी थांबत नाहीत. पुढे 1882 च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात कलम 18 मध्ये रूढीने मिळणाऱ्या हक्काचं उदाहरण म्हणून नेमकं हेच दिलं गेलं: एखाद्या शहराच्या रूढीप्रमाणे शेजाऱ्याच्या खासगीपणात शिरणारी नवी खिडकी उघडता येत नाही. त्या कायद्यात आकाश कुणाचं हे विचारलेलं नाही, भिंत कुणाची हेही नाही. भिंत तुझीच असते, तरीही खिडकी पाडता येत नाही. न्यायालयात हे उदाहरण ड्रोनला लागू होईल असा माझा दावा नाही. पण तुझ्या पणजोबांच्या काळी या गल्ल्यांमध्ये जी गोष्ट सुताराला माहीत होती, ती तुला माहीत असायला हवी होती असं मला वाटतं. तू एक खिडकी पाडलीस, तीही उडती, आणि त्या खिडकीशी हजारो माणसं आणून उभी केलीस.

तिसरं, कायदा. इथे तुझी माहिती अर्धी आहे, आणि तुझ्यासारखे बरेच जण या अर्ध्या माहितीवर उडवतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

25 ऑगस्ट 2021 ला आलेल्या ड्रोन नियमांप्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात येतो आणि तो चालवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, हे खरं. पण ती सवलत चालवणाऱ्याच्या परीक्षेपुरती. कुठे उडवायचं याचे नियम वजनाने सुटत नाहीत. आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे विभाग केले आहेत, आणि ‘डिजिटल स्काय’ या सरकारी नकाशावर ते कुणालाही पाहता येतात. हिरव्यात 400 फुटांपर्यंत, म्हणजे 120 मीटरपर्यंत, परवानगीशिवाय उडवता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फुटांवर येते. त्याहून जवळ हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी घेतल्याशिवाय उडवायचं नाही. आणि दांडिया बाजारापासून हरणीचा विमानतळ सरळ रेषेत आठ किलोमीटरच्या बराच आत आहे. म्हणजे त्या सकाळी परवानगी घेतली नसशील, तर काकूंची गच्ची बाजूला ठेवली तरी तू नियमात नव्हतास. शिवाय तुझा ड्रोन मामेभावाने परदेशातून येताना आणला असं तू सहज लिहून गेला आहेस. तयार ड्रोन बाहेरून आणण्यावर फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे. पुढचं पाऊल टाकायच्या आधी हे दोन धागे जाणकाराला दाखवून घे.

मात्र ज्या गोष्टीने काकूंना दुखावलं, तिच्यासाठी कायद्यात नेमकं कलम शोधायला गेलं तर हाताशी फार काही लागत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 77 स्त्रीला चोरून पाहण्याबद्दल आहे, पण त्यातलं ‘खासगी कृत्य’ म्हणजे विवस्त्र किंवा अंतर्वस्त्रांत असणं, शौचालयात असणं, अशा गोष्टी. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-ई शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणापुरतं आहे. ड्रोनच्या नियमांत शेजाऱ्याच्या गच्चीसाठी वेगळी तरतूद नाही. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, पण तो हक्क मुख्यतः सरकारसमोर उभा राहून मागायचा असतो, समोरच्या घरातल्या मुलाकडून नाही.

म्हणूनच ‘कायद्यात बसतं का’ या प्रश्नाने तुझं समाधान होणार नाही. काकू पूर्ण कपड्यांत होत्या. त्यांच्या अंगाचं काहीही दिसलं नाही ज्याला आपण लाजेची गोष्ट म्हणतो. दिसली ती एक बातमी, आणि ती त्यांची होती. कुणाला कधी सांगायची, बहिणीला आधी की मुलीच्या सासरी, फोनवर की समोर बसवून, की कुणालाच नाही, हे त्या घराने ठरवलं होतं किंवा ठरवायचं बाकी ठेवलं होतं. तुझ्या व्हिडिओने ते ठरवणं संपवलं. आजार जगापासून लपवावा की नाही यावर तुझं-माझं मत काहीही असेल, इथे त्याला किंमत नाही. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, ‘कधी ना कधी कळलंच असतं’. ते वाक्य कृपा करून त्यांच्या घरात तोंडातून काढू नकोस.

चौथी गोष्ट, ‘मला माहीत नव्हतं’. ही मला पूर्ण पटते. तुला आजाराचं माहीत असण्याचं कारणच नव्हतं. पण दुसऱ्याच्या गच्चीत काय चाललं आहे हे आपल्याला कधीच माहीत नसतं. म्हणून तर विचारायचं असतं.

आता चित्रणाच्या बाजूने दोन शब्द, कारण तू लिहितोस की ‘चेहरा तर नीट ओळखूही येत नव्हता’. गणित करून पाहू. साधारण ड्रोनचा रुंद भिंगाचा कॅमेरा 30 मीटरवरून सरळ खाली पाहत असेल, तर चौकटीत जवळपास 45 मीटर रुंदीची जमीन येते. फोर-के व्हिडिओत ती 3840 बिंदूंत विभागली जाते, म्हणजे एक बिंदू सुमारे 1.2 सेंटीमीटरचा. माणसाचं डोकं पंधरा-वीस बिंदूंचं. चेहरा खरंच ओळखू येणार नाही. पण केस नाहीत हे दिसेल. आणि गच्ची ओळखू येईल: पाण्याची निळी टाकी, तुळशीवृंदावन, शेजारचं पडकं धाबं. नातेवाइकांनी काकूंना ओळखलं नाही, घर ओळखलं. त्यामुळे चेहरा धूसर केला की झालं, असं जे ड्रोनवाले मानतात त्यांनी हे लक्षात घ्यावं. घर ओळखीचं असेल तर त्यातली बाई कोण हे विचारावं लागत नाही. त्याच भिंगाने 120 मीटरवरून पाहिलं असतं तर एक बिंदू पाच सेंटीमीटरच्या जवळ गेला असता आणि माणूस नुसता ठिपका राहिला असता. वाडे तरीही दिसलेच असते, उलट त्यांची मांडणी जास्त कळली असती. अर्थात एवढ्या उंचीला, आणि तुमच्या भागात मुळात कुठल्याही उंचीला, परवानगी आधी.

तर मग माफीचं. जायचंच. जखम उघडेल का म्हणतोस, ती बंद झालेलीच नाही. समोरासमोर राहता, रोज खिडकी उघडली की तुझं घर दिसतं त्यांना. तू न जाणं हेही त्यांना रोज दिसतं.

आईला पुढे करू नकोस. तुझी आई आणि काकू यांचं तीस वर्षांचं जाणं-येणं आहे असं लिहितोस. तो मोह होईल, पण आई गेली तर काकूंना मैत्रीखातर ‘जाऊ दे गं’ म्हणावं लागेल आणि ते त्यांच्याकडून काढून घेतल्यासारखं होईल. तू जा.

जाण्याआधी घरचं काम पूर्ण कर. सहा सेकंदं कापून परत चढवलेला व्हिडिओ आधी उतरव. ज्यांनी पहिला पाहिला आहे त्यांना मधली उडी दिसते, आणि तिथे काय होतं हे ते एकमेकांना विचारतात. कापलेल्या जागेनेच बातमी पुढे जाते आहे. मग मूळ चित्रण: मेमरी कार्ड, फोनची गॅलरी, लॅपटॉप, क्लाऊडवर आपोआप गेलेली प्रत, त्यातली कचराटोपली, आणि जिथे चित्र जुळवलंस त्या ॲपमधली प्रत. ज्या ज्या ग्रुपवर तू स्वतः पाठवलं होतंस तिथे ‘हे काढून टाका, पुढे पाठवू नका’ एवढंच लिही. कारण लिहू नकोस. दुसऱ्या कुणी ते आपल्या खात्यावर चढवलं असेल तर त्या त्या ठिकाणी तक्रारीची सोय असते, मूळ चित्रण तुझं असल्यामुळे ते काढायला लावण्याचा हक्क तुझ्याकडे आहे. तो वापर.

आणि तिथे गेल्यावर थोडकं बोल. असं काहीसं: ‘काका, मी तुम्हाला न विचारता तुमच्या गच्चीवरून चित्रण केलं आणि ते लोकांना दाखवलं. ते मी करायला नको होतं. सगळीकडून काढलं आहे, ज्यांना मी पाठवलं होतं त्यांनाही काढायला सांगितलं आहे. काकूंना त्रास झाला तो माझ्यामुळे.’ बस. ‘मला माहीत नव्हतं’ हे वाक्य त्यात नाही, बघ. ते खरं आहे, पण ते तुझ्यासाठी आहे. आजाराबद्दल विचारू नकोस, ओळखीचे डॉक्टर सुचवू नकोस. माफ करा असंही म्हणू नकोस, कारण मग त्यांना लगेच काहीतरी उत्तर द्यावं लागतं. ते ओरडले तर ऐकून घे. दार लावून घेतलं तर हेच चार ओळींत हाताने लिहून दारात ठेव. काकू स्वतः बाहेर आल्या तर जे काकांना सांगितलंस तेच त्यांना सांग, कारण खरं म्हणजे ते त्यांचंच आहे.

याने बोलणं सुरू होईलच असं मी म्हणणार नाही. कदाचित वर्षभर होणार नाही. ते तुला सोसावं लागेल.

ड्रोन विकू नकोस. जुनं बडोदं जातं आहे हे तुझं म्हणणं खरं आहे आणि ते टिपून ठेवण्याची तुझी कळकळही मला खरी वाटते. लाकडी खांब, कोरलेल्या कमानी, चौकातली विहीर, हे सगळं एकदा पाडलं की त्याच्या जागी चार मजली इमारत आणि खाली दुकानं. पण वरून त्यातलं काय दिसतं सांग? पत्रे, टाक्या आणि डिश. चौक दिसतो तोही विहिरीसारखा खोल, अंधारा. वाड्याचं जे जपण्यासारखं आहे ते दार ठोठावून आत गेल्याशिवाय मिळत नाही. ज्या वाड्यावरून उडवायचं आहे त्याच्या आणि त्याच्या शेजारच्या घरांत आदल्या दिवशी जा. अमुक वारी, अमुक वेळेला, इतकी मिनिटं, असं सांग. एका घराने नको म्हटलं तर त्या घराकडे कॅमेरा वळवू नकोस, आणि वळवल्याशिवाय जमत नसेल तर ते चित्रण सोडून दे. कुणाच्या गच्चीवर ड्रोन थांबवून ठेवू नकोस. प्रसिद्ध करण्याआधी सगळं मोठ्या पडद्यावर थांबवत थांबवत पाहा, आणि ज्यांच्या घराचा भाग आहे त्यांना दाखव. यात वेळ जाईल, पण त्या फेऱ्यांत तुला आजीआजोबा भेटतील, जुने फोटो निघतील, वाडा कुणी बांधला ते कळेल.

मंडळाचं काम यंदा घेऊ नकोस. परवानगीचा प्रश्न आहे, सणांच्या दिवसांत पोलीस आयुक्तांच्या जाहीरनाम्यात ड्रोनला मनाई असू शकते, आणि दाटीवाटीच्या मिरवणुकीवर एखादी बॅटरी बंद पडली तर 249 ग्रॅमही कुणाच्या डोळ्यावर पडतात. पण माझं खरं कारण वेगळं आहे. मिरवणूक तुमच्याच गल्लीतून जाणार. काकू कदाचित खिडकीत येतील. त्यांना वर पाहावं लागू नये.

ज्या वाचकांच्या गच्चीवर असा ड्रोन येतो त्यांच्यासाठीही लिहिते, कारण तशी पत्रंही माझ्याकडे येतात. दगड मारू नका, मांजा टाकून पाडू नका. तो खाली कुणाच्या डोक्यावर पडेल सांगता येत नाही, आणि मग तक्रार तुमच्यावर होते. ड्रोनचा फोटो घ्या, वार-वेळ लिहून ठेवा. चालवणारा बहुतेक वेळा जवळच असतो, कारण ड्रोन त्याला नजरेसमोर ठेवावा लागतो. आधी जाऊन विचारा, काय चित्रण झालं ते दाखव म्हणा. ओळखीचा असेल तर नव्वद टक्के काम तिथेच होतं, हा माझा पत्रांवरून बांधलेला अंदाज. पुन्हा पुन्हा येत असेल, खिडकीशी थांबत असेल, एखाद्या मुलीच्या मागे फिरत असेल, तर मात्र समजूत घालत बसू नका, थेट पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. तिथे कलम 77 आणि पाठलागाचं कलम 78 कामाला येऊ शकतं. सोसायटीत राहत असाल तर सभेत ठराव करून घ्या: ड्रोन उडवायचा तर आदल्या दिवशी फलकावर वेळ लिहायची.

आणि तू. रविवारी जाऊ नकोस, रविवारी त्यांच्याकडे माणसं असतील. केमोच्या दिवशी आणि त्याच्या पुढच्या दोन दिवसांत जाऊ नकोस, घरातून रिक्षा कधी जाते हे तुला आता कळतच असेल. मधल्या एखाद्या वारी, दिवेलागणीच्या आधी, एकटा जा. आणि जिना चढण्याआधी खालून हाक मार.